खाटेच्या दोन बाजू

रात्री आठच्या सुमारास सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पाळी बदलते. दुपारच्या सिस्टर रात्रीच्या सिस्टरना ‘ओव्हर’ देतात. तीन नंबरची सलाईन बाराला संपेल. सात नंबरला रक्त लावायचे आहे, पिशवी रक्तपेढीतून अजून आलेली नाही. अकराचा ताप उतरत नाही, हाऊसमनना कळवले आहे. चौदा नंबर ‘डामा’ मागतोय, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला मोडून घरी जातो म्हणतोय. चाळीस खाटा, शिवाय दोन रांगांच्या मधल्या जागेत गाद्यांवर निजलेले आठ-दहा जण, आणि या सगळ्यांसाठी एक सिस्टर, फार तर दोन, सोबतीला एक मावशी. मध्यरात्रीनंतर कधीतरी एक नातेवाईक टेबलापाशी येऊन सांगतो, सलाईन थांबली आहे, हात सुजलाय. रजिस्टरवरून मान वर न करता उत्तर येते, ‘येते म्हटलं ना, जागेवर जाऊन बसा.’ ऑपरेशन किती वेळ चालले, कोणते इंजेक्शन दिले, हे ती माणसे घरी गेल्यावर विसरतील. हे एक वाक्य मात्र वर्षानुवर्षे सांगितले जाईल. सिस्टरच्या बाजूने पाहिले, तर ते त्या रात्रीतले पंधरावे बोलावणे असते. रक्ताची पिशवी आणायला मावशी गेलेली असते, सातची नोंद अर्धी राहिलेली असते आणि अकराचा श्वास वाढलेला असतो. या पुस्तकाचा विषय ते वाक्य आहे. ते कुठून येते आणि बदलायचे असेल तर कोणाशी बोलावे लागेल, हाच प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणांत वेगवेगळ्या अंगांनी येतो.

आपल्या रुग्णालयांच्या कारभारात या प्रश्नाचे दोन तुकडे केलेले आहेत. रुग्णाला काय वाटले, हे तक्रारपेटीचे, जनसंपर्क अधिकाऱ्याचे आणि अलीकडे ‘क्वालिटी’ विभागाचे काम. कर्मचाऱ्याला काय वाटते, हे आस्थापना शाखेचे. पण तिथे त्याची रजा, बदली, वेतननिश्चिती आणि कारणे दाखवा नोटीस एवढेच पोचते. दोन्ही फायली एका टेबलावर सहसा येत नाहीत. म्हणून तक्रारी वाढल्या की कर्मचाऱ्यांना गोड बोलण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते आणि भिंतीवर नवा फलक लागतो. कर्मचारी संपावर गेले की बोलणी पगाराची आणि पदांची होतात, रुग्णाचे नाव त्यात निघत नाही. माझे म्हणणे असे आहे की ही दोन खाती मुळात एकच आहेत. रुग्णाला रुग्णालयाकडून औषधाखेरीज चार गोष्टी हव्या असतात : कोणीतरी दिलेला वेळ, आपले काय चालले आहे याची माहिती, आपण इथे सुरक्षित आहोत हा भरवसा, आणि शंका विचारण्याची मुभा. कर्मचाऱ्यालाही नेमक्या याच चार गोष्टी हव्या असतात. त्याला त्या मिळाल्या, तर तो पुढे देऊ शकतो. मिळाल्या नाहीत, तर त्या देण्याची परिपत्रके कितीही काढली तरी त्याच्या हातात देण्यासारखे काही उरत नाही.

आधी शब्दांविषयी. ‘पेशंट एक्स्पीरियन्स’ला आपण सरसकट ‘रुग्णांचे समाधान’ म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. समाधान अपेक्षेवर ठरते. ज्याने जन्मभर दवाखान्यात हिडीसफिडीसच ऐकली, तो कोणी नुसते नीट बोलले तरी समाधानी होऊन जातो. ज्याने मोठे बिल भरले आहे, तो चहा थंड मिळाला म्हणून नाराज होतो. अनुभव जाणून घ्यायचा, तर काय घडले ते विचारावे लागते. बोलावल्यावर किती वेळाने कोणी आले? नवे औषध सुरू करताना ते कशासाठी आहे हे सांगितले का? घरी जाताना कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे, हे समजले का? अमेरिकेत २००६ पासून देशभर वापरली जाणारी रुग्णांची प्रश्नावली अशीच घडलेल्या गोष्टींविषयी विचारते. हे प्रश्न सौजन्याचे वाटले तरी उपचारांचे आहेत, कारण परत कधी यायचे हे न कळलेला रुग्ण जखम चिघळवून परत येतो. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. रुग्णांचा अनुभव चांगला असतो तिथे उपचारांची सुरक्षितता आणि परिणामकारकताही बहुतांशी चांगली असते, असे त्यात दिसले. दुसरा शब्द ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’. त्याला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, पण ती गोष्ट आपल्या बोलण्यात आहे. इन्चार्ज सिस्टर ‘माझा वॉर्ड’ म्हणते, त्यात ती असते. ‘आपलं काय जातंय’ म्हणून खांदे उडवले जातात, तेव्हा ती संपलेली असते.

रुग्णाला नंबरने हाक मारण्याच्या सवयीपासून सुरुवात करू. ती असंवेदनशीलतेची खूण मानली जाते. मानसविश्लेषक इझाबेल मेन्झीज यांनी १९६० मध्ये लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाच्या नावाने संबोधत. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांना भांडी द्यायची, अशी कामाची वाटणी होती. कोणतीही परिचारिका कोणत्याही एका माणसाची पुरती होऊ नये, अशीच जणू ती रचना होती. मेन्झीज यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. रोज मरण, वेदना आणि शरीराची उघडी दुर्दशा पाहणाऱ्या माणसाच्या मनात मोठी भीती साठते. संस्था त्या भीतीविषयी बोलत नाही, कोणाला बोलू देत नाही, आणि त्याऐवजी कामाची अशी पद्धत उभी करते की माणसाशी संबंधच येऊ नये. पण त्या पद्धतीने भीती कमी झाली नाही. ज्या समाधानासाठी मुली या पेशात येत होत्या, तेही हिरावले गेले, आणि जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या. ‘बारा नंबरची सलाईन संपली’ असे आपल्या वॉर्डात ऐकू येते, तेव्हा ते कोरड्या मनाचे लक्षण समजण्याची घाई करू नये. मन कोरडे पडू नये म्हणून घातलेले ते कुंपण असते. रुग्ण त्याच्या बाहेर राहतो, हे खरे दुःख आहे. पण कुंपण काढायचे, तर आतल्या माणसाला दुसरा आधार द्यावा लागेल.

पहिला आधार वेळेचा. लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली; तो अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका परिचारिकेच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण जास्त आला, की दाखल रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. त्याआधी २००२ मध्ये याच संशोधकांना अमेरिकेत असाच कल दिसला होता, आणि सोबत परिचारिका कामाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती. एकाच ओझ्याने खाटेच्या दोन्ही बाजूंची माणसे खचतात, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असे आहे. वर वर्णन केलेली रात्र त्यापासून किती दूर आहे, हे वेगळे सांगायला नको. निवासी डॉक्टरांची गोष्टही तशीच. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम देऊ नये, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांनी मर्यादा वर सरकवूनही ती शिफारसच करावी लागते, यावरून प्रत्यक्षात किती तास चालतात याचा अंदाज यावा. छत्तीस तास जागा असलेला हाऊसमन नातेवाइकांना नीट समजावून सांगत नाही, ही तक्रार रास्त आहे. मात्र ती त्याच्या स्वभावाविरुद्ध नोंदवण्याआधी त्याच्या ड्यूटीच्या तक्त्याविरुद्ध नोंदवली पाहिजे.

दुसरा आधार बोलण्याच्या मुभेचा. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयातल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या नेतृत्वाखालच्या, एकमेकांशी मोकळेपणाने बोलणाऱ्या गटांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. तिथे चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या गटांत चुका सांगितल्या जात होत्या आणि इतरत्र लपवल्या जात होत्या. आपल्या व्यवस्थेने हे फार गांभीर्याने घ्यायला हवे, कारण इथे चूक सांगणाऱ्याला पहिल्यांदा मेमो मिळतो. ज्या वॉर्डात ज्युनिअर सिस्टर मोठ्या सरांना ‘सर, या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असे राऊंडमध्ये सगळ्यांसमोर म्हणू शकत नाही, त्या वॉर्डात रुग्णाने प्रश्न विचारण्याचे धैर्य कुठून आणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीची चाचणी नवी दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या रुग्णालयांत झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले, त्यात गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यूंचे १.५ वरून ०.८ वर आलेले दिसले. त्या यादीतली एक ओळ अशी आहे की चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम मोठ्याने सांगायचे. तिला खर्च शून्य आहे. ज्याने एकदा आपले नाव उच्चारले, त्याला पुढे धोका दिसला तर तोंड उघडणे सोपे जाते, एवढीच कल्पना तिच्यामागे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रुग्णांच्या बाजूने कळकळीने घेतला जातो. सरकारी कर्मचाऱ्यांची नोकरी पक्की आहे, म्हणून ते उर्मट आहेत. त्यांना समजुतीची नव्हे, धाकाची गरज आहे. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पैसे मागणारा, रुग्णावर हात उगारणारा, कामावर न येणारा कर्मचारी असतो, आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण धाकाने वागणूक सुधारते का, याचा पुरावा उलट दिशेने बोलतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे भयंकर हाल झाले. माणसे मळलेल्या चादरींवर पडून राहत, पाण्याचा पेला हाताला पोचणार नाही इतक्या दूर ठेवला जाई. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारसी होत्या. व्यवस्थापनाचे सारे लक्ष आर्थिक ताळेबंद आणि वरून आलेली उद्दिष्टे गाठण्यावर होते, परिचारिकांची संख्या घटवली गेली होती, आणि ज्या कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला त्यांचे ऐकले गेले नाही, असे चित्र त्यातून समोर आले. धाक तिथे भरपूर होता. आपल्याकडे २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने याच मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा प्रश्न रिक्त पदांचे आणि निधीचे विचारले गेले. या दोन प्रतिसादांतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. अपमान कधी वरच थांबत नाही. तो अधिष्ठात्यांकडून विभागप्रमुखाकडे, तिथून हाऊसमनकडे, सिस्टरकडे, मावशीकडे उतरतो, आणि मावशीच्या खाली फक्त रुग्ण असतो.

तिसरा आधार सुरक्षिततेचा. महाराष्ट्राने २०१० मध्येच रुग्णालयांतल्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले. सुरक्षारक्षक, कॅमेरे, उजेड असलेल्या वाटा, कडी असलेली विश्रांतीची खोली हे सारे हवेच, त्यात वाद नाही. परंतु वॉर्डातली मारामारी बहुधा एकाएकी पेटत नाही. ती तासन् तास धुमसत असते. आत नेलेल्या माणसाचे काय झाले, हे बाहेर उभ्या असलेल्यांना कोणी सांगत नाही. मग औषध बाहेरून आणायची चिठ्ठी येते, मग आणखी एक चिठ्ठी येते, आणि शेवटी एकदम मृत्यूची बातमी येते. दर तासाला दोन मिनिटे कोणी बाहेर येऊन ‘प्रकृती नाजूक आहे, आम्ही अमुक करतोय’ असे सांगितले असते, तर दुःख तेवढेच झाले असते, संशय मात्र साठला नसता. यात मारणाऱ्याचे समर्थन नाही. हिंसेला कारण असते, सबब नसते. पण माहिती देण्याची जबाबदारी ठरवून एका माणसाच्या वेळापत्रकात घातली, तर ती रुग्णाच्या घरच्यांची सेवा असते आणि डॉक्टरचे संरक्षणही.

यातून आपण चौथ्या आधाराकडे, माहितीकडे आणि नातेवाइकांकडे येतो. पाश्चात्त्य पुस्तकांतून उचललेल्या विचाराला इथे थांबून भारतीय वॉर्डाकडे पाहावे लागते, कारण आपल्याकडे रुग्ण कधी एकटा नसतो. डबा आणणारा, पाठ चोळणारा, रात्री खाटेखाली झोपणारा कोणीतरी असतोच. रुग्णालय त्याला गर्दी समजते. तोच माणूस मनुष्यबळ ठरू शकतो, हे दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या नवजात शिशु विभागाने दाखवले. तिथे आईवडिलांना हात धुण्यापासून बाळाला पाजण्यापर्यंत शिकवून काळजीत सामील करून घेतले गेले, आणि त्या अनुभवावरून केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. याच दिशेचा आणखी भक्कम पुरावा २०२१ मध्ये आला. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवण्याचा प्रयोग झाला, आणि २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईला अतिदक्षता विभागात खाट द्यावी लागली, म्हणजे जिला आजवर दाराबाहेर ठेवले तिला आत घ्यावे लागले. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी हेच वेगळ्या मार्गाने केले होते. दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले. प्रेताला गुंडाळतात तसले पांढरे कपडे घातलेली माणसे, मोठ्या इमारतीचे दडपण, जवळच्या माणसांपासून होणारी ताटातूट, अशी उत्तरे मिळाली. मग त्यांच्या ‘शोधग्राम’ या परिसरात झोपड्यांच्या वस्तीसारखे, नातेवाइकांसह राहता येईल असे, दंतेश्वरी देवीच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. आधी विचारले आणि मग बांधले, हा क्रम त्यात मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा. जिथे खाट नाही, औषध नाही, तिथे अनुभवाच्या गप्पा चैनीच्या आहेत. ओपीडीत एका डॉक्टरपुढे दोनशे केस पेपर असताना त्याने किती बोलायचे? हा प्रश्न टाळता येणार नाही. ६७ देशांतल्या माहितीचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतात डॉक्टर रुग्णाला सरासरी दोनेक मिनिटे देतात असे दिसले. स्वीडनमध्ये ती बावीसच्या पुढे होती. पदे भरली पाहिजेत, आणि या पुस्तकातली कोणतीही गोष्ट त्या मागणीला पर्याय म्हणून पुढे केली गेली, तर तो तिचा गैरवापर ठरेल. मात्र दोन मिनिटांतही फरक पडतो. वेंडी लेव्हिन्सन यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संभाषणांचा अभ्यास १९९७ मध्ये मांडला. ज्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांवर कधी दावे झाले नव्हते, ते इतरांपेक्षा जेमतेम तीन मिनिटे जास्त देत होते. ठळक फरक बोलण्याच्या रीतीत होता. ‘आधी तपासतो, मग तुमची शंका ऐकतो’ असे पुढे काय होणार ते ते सांगत, आणि रुग्णाला समजले का ते विचारत. अशा वाक्याला पाच सेकंद लागतात. शिवाय जे नीट सांगितले गेले नाही, ते वाया जात नाही. ते ओपीडीच्या दारात, औषधांच्या खिडकीवर आणि केस पेपर काढायच्या रांगेत पुन्हा पुन्हा विचारले जाते. न सांगण्याचा वेळही शेवटी कोणाला तरी द्यावाच लागतो, आणि बहुधा तो सर्वांत कमी पगाराच्या माणसाला द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप जाणकार डॉक्टरांचा आहे, म्हणून त्याला मान दिला पाहिजे. रुग्ण म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. त्याला खूश ठेवायला गेलो, तर प्रत्येक सर्दीला प्रतिजैविक आणि प्रत्येक कंबरदुखीला एमआरआय लिहावा लागेल. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वाधिक समाधानी रुग्णांचा औषधांवरचा खर्च जास्त होता आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले होते. हा इशारा मला मान्य आहे, आणि समाधान व अनुभव यांत वर फरक केला तो याचसाठी. ‘या तापाला प्रतिजैविक लागत नाही’ हे कारणासह समजावून सांगणारा डॉक्टर रुग्णाला हवे ते देत नाही, पण चांगला अनुभव देतो. याउलट खासगी रुग्णालयांनी अनुभवाचा अर्थ अनेकदा गुळगुळीत फरशी, हसतमुख स्वागतकक्ष आणि फुलांचा गुच्छ एवढाच घेतला. त्याच इमारतीत आतली नर्स कमी पगारावर, जोडून आलेल्या दोन पाळ्यांत उभी असते, आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर कोणी नीट उत्तर देत नाही. महाराष्ट्र सरकारला २०२१ च्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद घालावी लागली, बिल थकले म्हणून मृतदेह अडवू नये असे लिहावे लागले. संगमरवराने अनुभव घडत नाही, हे त्यावरून कळावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत खोल आहे. सेवाभाव हा ज्याच्या त्याच्या संस्काराचा भाग आहे, तो व्यवस्थेने निर्माण होत नाही, असे म्हणणारे मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे बोट दाखवतात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर एकही शय्याव्रण होऊ दिला नाही, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. या सेवेपुढे मान आपोआप झुकते. पण ती केवळ संस्काराची गोष्ट म्हणून वाचली, तर तिचा अर्धा अर्थ हरवतो. त्याच गर्दीच्या रुग्णालयात, त्याच अपुऱ्या मनुष्यबळात ही शुश्रूषा शक्य झाली, कारण ती रुग्ण नंबर नव्हती. तिचे नाव प्रत्येकीला ठाऊक होते. तिची गोष्ट नव्या मुलींना सांगितली जात होती. तिच्यासाठी वेगळी खोली राखली गेली होती, आणि ऐंशीच्या दशकात तिला तिथून हलवण्याचा महापालिकेचा विचार परिचारिकांनी विरोध करून थांबवला, म्हणजे त्यांचा शब्द चालला. नाव, जागा, वेळ आणि शब्दाला किंमत : ज्या अटींवर करुणा टिकली, त्या सगळ्या व्यवस्थेने पुरवता येण्याजोग्या आहेत. आणि त्याच कहाणीचा पहिला दिवस हेही सांगतो की रुग्णालयाने आपल्या परिचारिकेला कामाच्या जागी सुरक्षित ठेवले नव्हते.

म्हणून हे पुस्तक उपदेशाचे नाही. पुढील प्रकरणांत लहान, मोजता येण्यासारख्या बदलांचा विचार केला आहे : एकच माहिती तीन रजिस्टरांत लिहिणे कसे थांबवता येईल, ड्यूटीचा तक्ता लावताना ज्यांनी ती करायची त्यांना कसे विचारता येईल, नातेवाइकांशी बोलण्याची वेळ राऊंडसारखीच ठरलेली कशी ठेवता येईल, आणि रुग्णालयाचा खरा दर्शनी चेहरा असलेले मामा, मावशी आणि गेटवरचे रक्षक, जे आज बऱ्याच ठिकाणी कंत्राटदाराचे आहेत, त्यांना या वर्तुळात कसे घेता येईल. अधीक्षकांनी दर आठवड्याला एका वॉर्डात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत, एवढी माझी सुरुवातीची अपेक्षा आहे. रुग्णाला : काल तुम्हाला काय कळले नाही? सिस्टरला : काल तुमचे काम कशामुळे अडले? दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहिली, तर पुष्कळदा त्यांचे कारण एकच निघेल. रात्री दोन वाजता टेबलापाशी आलेल्या माणसाला सिस्टर मान वर करून म्हणू शकली पाहिजे, ‘सातला रक्त लावते आणि दहा मिनिटांत येते,’ आणि दहा मिनिटांत ती आली पाहिजे. त्यासाठी रक्ताची पिशवी दुसऱ्या कोणीतरी आणून दिलेली हवी, सोबत दुसरी सिस्टर हवी, आणि रजिस्टर एक कमी हवे. ही व्यवस्था करणारी माणसे त्या वेळी वॉर्डात नसतात. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिले आहे.